लग्नाला जाणं जमलं नाही, मग आहेराचं काय केलंत?

ओसरी: माळा आवरताना आईच्या लग्नातली आहेराची वही सापडली. मे १९७४. रेल्वेचा तो देशव्यापी संप ऐन लग्नसराईत, त्यामुळे लांबचे अर्धे पाहुणे आलेच नव्हते म्हणे. वहीत नावं आणि रकमा, रु. ५, रु. ११, कुठे "पातेले १ झाकणासह", आणि शेवटी वेगळं पान, वर आजोबांच्या अक्षरात "टपालाने आलेले". मनीऑर्डरच्या फॉर्मचा तो खालचा तुकडा असायचा ना निरोप लिहायचा, पोस्टमन फाडून द्यायचा, तसे सगळे तुकडे टाचणीने लावलेत, टाचणी गंजून कागदाला भोकं पडलीत. एका नावापुढे नुसतंच "तार". आईला विचारलं तर ती सगळी नावं ओळखते, कोण मांडवात होतं ते मात्र निम्मंअर्धं विसरलीय.

तर तुम्ही सांगा, जाता आलं नाही तेव्हा काय पाठवलंत, कसं पाठवलंत? आमच्या पुतणीचं लग्न साताऱ्याला आहे, मला इकडून बंगळूरहून निघता येणार नाहीये. जीपे केलं तर बरं दिसेल का?

मीठभाकर: करा हो बिनधास्त. फक्त वरचा १ रुपया विसरू नका, ५००० नाही ५००१. आमच्याकडे एक पत्रिका आलेली, वर "आपली उपस्थिती हाच आहेर" आणि त्याच्याखाली क्यूआर कोड 😂

हिशोबनीस: क्यूआरवरून आठवलं, तो कोड कुणाच्या खात्याचा आहे ते बघा. लग्नानिमित्त मिळालेल्या आहेरावर इन्कम टॅक्स नाही, मित्रांनी दिला असला तरी नाही, पण ही सूट फक्त नवरा-नवरीला. मुलीच्या वडिलांच्या खात्यात त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी पैसे टाकले आणि नातेवाईक सोडून बाकीच्यांचे मिळून वर्षात ५० हजारांच्या वर गेले तर ते वडिलांचं उत्पन्न धरतात. आहेर जोडप्याच्याच खात्यात जाऊ दे.

मीठभाकर: आता आहेर द्यायला पण सीए लागणार

बांधावरून: आमच्याकडं माईकवर पुकारतात आहेर. ज्याला येणं होत नाही तो दुसऱ्याच्या हाती पाठवतो पण नाव त्याचंच घेतात. आम्ही शेजारच्या भाऊंच्या हाती टोपी टॉवेल आन पाकीट दिलं आणि त्या माईकवाल्यानं सगळा आहेर भाऊंच्याच नावावर पुकारला. तेव्हापासून सासूबाई भाऊंचा विषय निघाला की म्हणतात "मोठा दानशूर माणूस" 🤣 पाकिटावर नाव ठळक लिहा, गावासकट लिहा, आमच्याकडं एका नावाची चार माणसं असतात.

सातासमुद्रा: मी न्यू जर्सीत. इथल्या मित्रांच्या लग्नात रजिस्ट्री असते, यादीतलं एक निवडायचं, पैसे भरायचे, घरपोच जातं, काही विचार करावा लागत नाही. पण घरच्या लग्नांना तसं कोरडं वाटतं म्हणून बहिणीला पैसे पाठवते, ती साडी घेते, हळदीकुंकू लावून माझ्या नावाने वेगळी ओटी भरते. मागच्या वेळी नवरीच्या ओटीत एकामागोमाग दोन नारळ, गुरुजी म्हणाले काय हो हे, ही म्हणाली एक अमेरिकेचा. फोटो आलाय माझ्याकडे, त्यात नवरी पदर सावरत कशीबशी उभी आहे बिचारी

पंचपाळं: @ओसरी जीपेपेक्षा केळवण करा ना. पुतणीला बोलवा एखाद्या शनिवार-रविवारी, नाहीतर तुम्हीच आधी जाऊन या, पाट रांगोळी, तिच्या आवडीचं जेवण, आणि आहेर तिथेच हातात. लग्नात तसंही स्टेजवर रांगेत उभं राहून पाकीट द्यायचं, ती कुणाला न बघता शेजारच्या करवलीच्या पिशवीत टाकते. ज्यांना लग्नाला जमत नाही त्यांनी केळवण करावं हे माझं ठाम मत आहे. (कुकर लावलाय, नंतर येते)

दोनतासवाले: आमचं लग्न एप्रिल २०२१ च्या शेवटी, पुण्यात. २५ माणसं आणि दोन तास, त्यामुळे सगळेच न आलेले! सख्खी मावशी झूमवर, आवाज म्यूट, नुसती डोळे पुसताना दिसत होती. पैसे बऱ्याच जणांनी पाठवले पण लक्षात राहिली ती आत्या, तिने सोसायटीच्या गेटवर लाडू चिवड्याचे दोन डबे ठेवले आणि लांबूनच हात केला, डबे परत मागितले पण नाहीत. अजून आमच्या पोळ्या त्यातच असतात.

लोकोशेड: ७४ चा संप म्हटल्यावर राहवलं नाही. आजोबा भुसावळला लोको शेडला होते, ते पण संपात. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस, त्यांचं नाव आमच्या घरात अजून "जॉर्जसाहेब" असंच घेतात. पगार बंद, आजीने बांगड्या गहाण ठेवलेल्या. त्याच महिन्यात तिच्या भावाचं लग्न होतं खंडव्याला, ते चुकलं, वर आहेर काय पाठवणार? तिने पोस्टकार्ड टाकलं की आहेर बाकी आहे. नंतर भाऊबीजेला तिने वहिनीला साडी नेली.

ओसरी: @लोकोशेड आईला वाचून दाखवलं. तिचं आजोळ भुसावळचं! विचारतेय तुम्ही रेल्वे क्वार्टर्सवाले का गावातले?

लोकोशेड: क्वार्टर्सवालेच. काकूंना नमस्कार सांगा, आणि विचारा भरीताला वांगी हिरवी की जांभळी 😄

ओसरी: हिरवी म्हणे. वर "हा काय प्रश्न झाला?"