मदत हवी आहे: लॅपटॉप आणि टॅब एकाच वायफायवर, तरी माइनक्राफ्टमध्ये भावंडांना एकत्र खेळता येत नाही

वैशाखपालवी
दोन दिवस डोकं फोडून झालं, आता कुणीतरी सरळ सांगा. मुलगी (११) माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम लॅपटॉपवर खेळते, मुलगा (८) टॅबवर. तिने बांधलेल्या जगात त्याला जायचंय. घर एक, वायफाय एक. तिने 'ओपन टू लॅन' (घरच्या जाळ्यावर जग इतरांना खुलं करायचं बटण) केलं, टॅबवर काहीही दिसत नाही. राउटर तीनदा बंद-चालू केला, टॅबवरचा गेम काढून परत टाकला. दोन्हीकडे विकत घेतलेला गेम आहे, चोरीचा नाही. शनिवारपर्यंत व्हायला हवं. 'मुलांना गेम देऊच नका' हा सल्ला कृपया नको.

खटपट्या
पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून लॅपटॉपकडे वळवा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (बहुधा १९२.१६८.१.१), लॉगिन करा, 'व्हर्च्युअल सर्व्हर' किंवा 'पोर्ट फॉरवर्डिंग' शोधा, २५५६५ हा पोर्ट लॅपटॉपच्या आयपीकडे (जाळ्यातल्या पत्त्याकडे) वळवा. टीसीपी, यूडीपी दोन्ही निवडा. हमखास चालतं.

तांबडंफुटलं
@खटपट्या, त्याचा इथे संबंध नाही. फॉरवर्डिंग लागतं ते बाहेरून कुणी घरात यायचं असेल तेव्हा. हॉलमधून बेडरूममध्ये जायला घराचं फाटक उघडावं लागत नाही. शिवाय आपल्याकडे कित्येक जोडण्या सीजीएनॅटच्या (अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता) मागे असतात. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर तुम्ही कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस पोचत नाही.

वैशाखपालवी, लॅपटॉप विंडोज की मॅक? टॅब अँड्रॉइड की आयपॅड? दोन्हीकडे माइनक्राफ्टची कुठली आवृत्ती? सुरुवातीच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात आकडे असतात, ते जसेच्या तसे लिहा.

वैशाखपालवी
विंडोज ११. टॅब अँड्रॉइड. दोन्हीकडे माइनक्राफ्टच आहे हो, नवीनच. आकडे संध्याकाळी बघते, लॅपटॉप आत्ता क्लासला गेलाय.

कोयरी
आकड्यांसाठी थांबायची गरज नाही. उत्तर तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. 'ओपन टू लॅन' हे बटण फक्त जावा एडिशनमध्ये असतं. टॅबवर जावा एडिशन चालतच नाही, तिथे बेडरॉक. नाव एकच असलं तरी हे दोन वेगळे गेम आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. राउटर शंभर वेळा बंद केलात तरी दिसणार नाही.

नवीन काही विकत घ्यावं लागणार नाही. जून २०२२ पासून पीसीसाठी जावा आणि बेडरॉक एकत्रच मिळतात, आणि त्याआधी दोन्हींपैकी एक घेतलेल्यांनाही दुसरं मिळालं. लॅपटॉपवर माइनक्राफ्ट लाँचर उघडा. डावीकडच्या पट्टीत 'जावा एडिशन'च्या शेजारी 'माइनक्राफ्ट फॉर विंडोज' दिसेल. तेच बेडरॉक. ते इन्स्टॉल करा, त्यात जग उघडा, जगाच्या सेटिंग्जमध्ये 'मल्टिप्लेअर'खाली 'मल्टिप्लेअर गेम' आणि 'व्हिजिबल टू लॅन प्लेअर्स' दोन्ही चालू ठेवा. टॅबवर 'प्ले' दाबून फ्रेंड्सच्या यादीत बघा. दोन्हीकडची आवृत्ती सारखी हवी. एकीकडे अपडेट राहिलं असेल तर जग दिसतं पण आत घेत नाही.

आणि एक: टॅबवरचा गेम पुन्हा काढू नका. अँड्रॉइडवर जगं ॲपच्याच जागेत साठवलेली असली तर ॲपबरोबर जातात. धाकट्याची जगं शाबूत आहेत का, आधी बघा.

वैशाखपालवी
त्याची दोन जगं गेली. आत्ता कळतंय तो परवा का रडत होता. त्याला वाटलं बहिणीने पुसली.
पण मुलीचं जग तर जावामध्ये आहे. मे महिन्यापासून बांधतेय, नवीन जगात ती जाणार नाही. त्याचं काय?

जुनामोडेम
म्हणूनच जग हलवू नका, सर्व्हर लावा, म्हणजे जग चालू ठेवणारा वेगळा संगणक. घरात एखादा जुना लॅपटॉप असेलच. ४ जीबी रॅम पुरते, त्यातली २ जीबी सर्व्हरला द्या. त्यावर जावा २१ किंवा त्यानंतरची टाका (ही जावा म्हणजे गेम नव्हे, सर्व्हर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर; गेमची आवृत्ती बघून, कारण नव्या आवृत्त्या आणखी नवीन जावा मागतात). पेपर नावाचा सर्व्हर उतरवा, एकदा चालवा, तो लगेच बंद पडेल. मग युला (वापराच्या अटी) नावाच्या फाइलमध्ये 'फॉल्स'चं 'ट्रू' करा. प्लगिन्सच्या फोल्डरमध्ये गायझर (जावा आणि बेडरॉकमधला दुभाषी) आणि फ्लडगेट या दोन फाइली ठेवा, मुलीचं जग सर्व्हरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, पुन्हा चालवा. मुलगी जावातून २५५६५वर येईल, मुलगा टॅबच्या 'ॲड सर्व्हर'मधून आयपी आणि १९१३२ टाकून. फ्लडगेट असल्यामुळे मुलाला जावाचं वेगळं खातं लागत नाही. त्याच्या नावाआधी टिंब येईल, तेवढंच.
हाच खरा उपाय. बाकी सगळी मलमपट्टी.

कोयरी
उपाय उत्तम आहे, पण दोन मुलांसाठी नाही. दोन्हीपैकी एक आवृत्ती पुढे गेली की गायझर अपडेट करा, ते येईपर्यंत टॅब बाहेर. प्ले स्टोअर गेम आपोआप अपडेट करतो, म्हणजे हे महिन्या-दोन महिन्यांनी होणारच. आणि तो जुना लॅपटॉप चालू कोण ठेवणार? आई.

जग हलवता येतं. चंकर म्हणून मोफत साधन आहे, जावाचं जग बेडरॉकमध्ये बदलून देतं. आधी मूळ जगाची प्रत पेनड्राइव्हवर काढा. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा, टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा असं इंग्रजीत लिहून एंटर दाबा, मग 'डॉट माइनक्राफ्ट' फोल्डर, त्यात 'सेव्हज', त्यात तिच्या जगाच्या नावाचं फोल्डर. तेच अख्खं कॉपी करायचं.

जुनामोडेम
चंकरने घरं, डोंगर, पेट्यांमधलं सामान येतं, हे मान्य. रेडस्टोन (गेममधली वीज) मात्र दोन्हीकडे वेगळं वागतं. जावामध्ये पिस्टनला (ठोकळे ढकलणाऱ्या यंत्राला) वरच्या ठोकळ्यातून तिरकी वीज मिळते, बेडरॉकमध्ये नाही. मुलीने आपोआप उघडणारी दारं, शेतं बांधली असतील तर ती मुकी होतील. मुलीला आधी विचारा.

कोयरी
हे बरोबर आहे, तिला विचाराच. मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) टाकले असतील तर त्यातले ठोकळेही येणार नाहीत.

सुपारीफूल
आठ वर्षांच्या मुलाला रोज किती वेळ देता? आमच्या मते आठवड्यात फक्त शनिवार-रविवार, तेही ४५ मिनिटं.

तांबडंफुटलं
हा प्रश्न विचारलेलाच नाही. पण वेळेवरून एक उपयोगी गोष्ट: ज्या यंत्रावर जग उघडलंय ते बंद झालं की सगळेच बाहेर पडतात. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीची मर्यादा सातला आणि टॅबवर गूगलच्या फॅमिली लिंकची साडेसातला असेल, तर धाकट्याचा शेवटचा अर्धा तास फुकट जातो आणि भांडण होतं. दोन्ही मर्यादा एकाच वेळेला संपू द्या.

सुपारीफूल
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे रोजची रडारड नेमकी याच वेळेला होते. आज बदलते.

वैशाखपालवी
मुलीला विचारलं. रेडस्टोनचं एकच दार आहे, ते नव्याने करते म्हणाली. चंकरने जग बदललं, 'माइनक्राफ्ट फॉर विंडोज'मध्ये उघडलं, सगळं जागेवर आहे. आवृत्तीचे आकडेही दोन्हीकडे तेच. दोन्ही 'लॅन'ची बटणं चालू. आणि टॅबवर अजूनही काही नाही!! आता काय?

तांबडंफुटलं
आता जाळ्याकडे वळू. दोन्हींचे आयपी लिहा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपी-कॉन्फिग, त्यात 'आयपीव्ही४'ची ओळ. टॅबवर सेटिंग्ज, वायफाय, जोडलेल्या नावावर बोट, खाली आयपी दिसेल. पहिले तीन आकडे जुळतात का?

वैशाखपालवी
लॅपटॉप १९२.१६८.१.५, टॅब १९२.१६८.१.२३. जुळतात.

खटपट्या
दुसरा राउटर लावलाय का बेडरूममध्ये? पहिल्याची केबल दुसऱ्याच्या वॅनमध्ये घातली की दोन वेगळी जाळी होतात. केबल लॅनमध्ये घाला, दुसऱ्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी १९२.१६८.१.२ करा. 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तोच निवडा, बाकी काही करावं लागत नाही.

तांबडंफुटलं
माहिती बरोबर आहे, पण तसं असतं तर तिसरा आकडा बहुधा वेगळा आला असता. लॅपटॉपवरून टॅबला पिंग करा, म्हणजे हाक मारून बघा: पिंग, एक जागा सोडून टॅबचा आयपी. उत्तर येतं का?

वैशाखपालवी
चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

चिंचोका
थोडं विषयाबाहेर. घरात बोलणारी, वायफायची खेळणी असतील तर ती मुलांच्या लॅपटॉपच्या जाळ्यावर ठेवू नका. जर्मनीत २०१७ मध्ये 'माय फ्रेंड केयला' या बाहुलीवर बंदी आली, कारण तिच्या ब्लूटूथला कुलूपच नव्हतं. जवळचा कुणीही जोडून मुलाशी बोलू शकत होता, ऐकू शकत होता. त्याच वर्षी क्लाउडपेट्सच्या ८ लाखांहून अधिक खात्यांची माहिती आणि मुलांचे रेकॉर्ड झालेले आवाज इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करायचं आणि खेळणी, बल्ब, कॅमेरे तिथे ठेवायचे. गेस्टवरच्या वस्तू इंटरनेटपर्यंत जातात, एकमेकींना आणि घरातल्या बाकी यंत्रांना दिसत नाहीत.

वैशाखपालवी
थांबा. आमच्याकडे बोलणारा रोबो आहे, तो बसवताना त्या माणसाने 'मुलांचं सगळं या नावावर ठेवा' म्हणून दुसरं वायफायचं नाव काढून दिलं होतं. टॅब त्याच नावावर आहे. राउटर एकच म्हणून मी 'वायफाय एक' लिहिलं.

तांबडंफुटलं
सापडलं. काही राउटरांत गेस्टलाही त्याच मालिकेतला आयपी मिळतो, म्हणून आकडे जुळले. रोबो तिथेच राहू द्या. टॅबवर ते नाव 'फर्गेट' करून मुख्य नावावर जोडा, नाहीतर तो आपोआप परत गेस्टवर जाईल. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी असली तरी चालतं.

तरीही दिसलं नाही तर क्रमाने: (१) विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये जाळ्याचा प्रकार 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. (२) विंडोज सिक्युरिटीच्या फायरवॉलमध्ये 'अलाऊ ॲन ॲप' उघडून माइनक्राफ्टच्या 'प्रायव्हेट'वर खूण करा. फायरवॉल अख्खी बंद करू नका. (३) मुलांची मायक्रोसॉफ्ट खाती 'चाइल्ड' प्रकारची असतील तर एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी पानावर, पालकाच्या लॉगिनने, मल्टिप्लेअर गेममध्ये सामील व्हायची परवानगी द्या. अनोळखी लोकांशी बोलायची परवानगी वेगळी असते, ती बंदच ठेवा. (४) दोघांची खाती वेगळी हवीत, एकाच खात्याने दोघं आले की एक बाहेर फेकला जातो.

वैशाखपालवी
दिसलं!! वायफाय बदलून आणि 'प्रायव्हेट' करून. दोघं आत आहेत. सगळ्यांचे मनापासून आभार, चिंचोका तुमचे विशेष.
पण त्याला काही फोडता येत नाहीये, बांधताही येत नाही. टॅब बिघडला का?

कोयरी
नाही, तो 'व्हिजिटर' म्हणून आलाय. मुलीने खेळ थांबवून खेळाडूंच्या यादीत त्याच्या नावापुढची परवानगी 'मेंबर' करायची. दरवेळी करायला नको म्हणून जगाच्या सेटिंग्जमध्ये 'मल्टिप्लेअर'खाली येणाऱ्या खेळाडूंची मूळ परवानगीच 'मेंबर' ठेवा. 'ऑपरेटर' (जगाचे सगळे अधिकार) देऊ नका. तिथेच आसपास 'फ्रेंडली फायर' आहे, ते बंद करा, म्हणजे तलवार चुकून बहिणीला लागली तरी तिचं काही जात नाही.

आणि मुलाला सांगा, ती दोन जगं बहिणीने पुसली नव्हती.

वैशाखपालवी
सांगितलं. तिच्या घराशेजारची जागा तिने त्याला दिली आहे, 'मेंबर' केल्यावर तो तिथे खणतोय.