ओव्हनमध्ये टिकतील आणि परवडतील अशा रॅमेकिन वाट्या कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार. मी घरच्या ओटीजीमध्ये कॅरॅमल कस्टर्ड आणि भाजलेले गोड दही नेहमी करते. आजवर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांवर भागवले, परंतु अ‍ॅल्युमिनियम लगेच तापत असल्यामुळे मधला भाग घट्ट होईपर्यंत कस्टर्डच्या कडेला जाळी पडते. चिनी मातीची जाड वाटी उष्णता सावकाश आत सोडते आणि तीच पाहुण्यांपुढे ठेवता येते, म्हणून सहा रॅमेकिन वाट्या, म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायच्या एकेका माणसापुरत्या लहान वाट्या, घ्यायचे ठरवले आहे. खर्च नऊशे रुपयांच्या आत बसवायचा आहे.

अडचण अशी की, गेल्या महिन्यात एका दुकानातून नमुन्यादाखल दोन वाट्या आणल्या. 'मायक्रोवेव्हला चालतात' एवढ्या आश्वासनावर मी विसंबले. मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः पदार्थ तापतो, ओव्हनमध्ये मात्र वाटीही तेवढीच तापते, हा फरक माझ्या तेव्हा लक्षात आला नाही. पहिल्याच वाटीत उकळते कॅरॅमल ओतले आणि टच्‌कन आवाज होऊन तळापासून काठापर्यंत केसासारखा बारीक तडा गेला. दुसरी वाटी धुऊन उपडी घातली, तेव्हा तळाची झिलई नसलेली गोल कडा तासाभरानेही ओलसर, काळपट दिसत होती. याचा अर्थ माती पुरेशी भाजलेली नाही आणि पाणी शोषते. अशा वाटीला पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजण्याचे धाडस मला झाले नाही.

मला १५० ते १८० मिलिलिटरच्या, सरळ भिंतीच्या वाट्या हव्या आहेत, कारण पुढे सुफ्ले (फेटलेल्या अंड्यांमुळे ओव्हनमध्ये फुगणारा पदार्थ) करण्याचीही इच्छा आहे आणि त्याला वर चढायला सरळ भिंतच सोयीची पडते. माझ्या पाण्याच्या ट्रेमध्ये ९ सेंटिमीटर व्यासाच्या सहाच वाट्या मावतात. लेबलावरचे माप काठोकाठचे असते की वापरण्याजोगे, हे कळत नसल्यामुळे मी वाटी वजनकाट्यावर ठेवून पाणी भरते. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. तुम्हीही तसेच मोजून सांगितलेत तर फार बरे होईल.

उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील स्टोनवेअरच्या (जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट मातीच्या) वाट्या दिसायला सुंदर आहेत, पण त्या १६० ते १८० अंशांवर वारंवार वापरून कुणी पाहिल्या आहेत का? दुसरा पर्याय बोरोसिलिकेट काचेचा. ही काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे तडकण्याचा धोका कमी. शिवाय कस्टर्ड कडेने कसे जमते आहे हे बाहेरून दिसते. मात्र त्यात सरळ भिंतीची लहान वाटी मला अजून मिळालेली नाही. आतून रंगीत नक्षी असलेल्या स्वस्त वाट्या सुचवू नयेत, ही विनंती. झिलईत शिसे असण्याची शंका असताना त्यात मुलांना खायला द्यायला मन धजत नाही.

पुण्यात बोहरी आळी किंवा तुळशीबाग परिसरात अशा वाट्या सुट्या मिळतात का, की पूर्ण डझनच घ्यावा लागतो? किमान वर्षभर वापरलेल्या वाट्यांचा अनुभव आणि शक्य असल्यास तळाचा फोटो द्यावा.