ग्रोल करताना दुसऱ्या गाण्यातच घसा टोचतो. नागपुरात कोणी मेटल गाणारं आहे का?

काळीपाच_महाल

नमस्कार मंडळी. मी महालात राहते, वय २३. शाळेत असताना गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी-बारावी आली आणि तंबोरा माळ्यावर गेला. कॉलेजात एका मैत्रिणीनं आर्च एनिमी हा मेटल बँड ऐकवला. त्याच्या गायिका, आधी अँजेला गॉसो, मग अलिसा व्हाइट-ग्लझ, दोघी ग्रोल करणाऱ्या, म्हणजे घशातून गुरगुरल्यासारखं जाड गाणाऱ्या. बाईमाणूस असा आवाज काढू शकते हे कळलं त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं आहे. आता आम्ही चौघांनी बँड काढलाय, गाणी मराठीत आणि आमचीच.

सरळ आवाजाची काळजी नाही, तार सप्तकातल्या गंधारापर्यंत आरामात जाते. घोडं अडतं ते ग्रोलपाशी. पहिलं गाणं दणक्यात होतं. दुसऱ्याच्या मध्यावर घशात टोचायला लागतं, खोकला येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा सा लावला की फाटतो. दुपारपर्यंत परत ठीक.

रियाजाची जागा हा आणखी एक ताप. आमचा जुना वाडा, भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं. पहिल्यांदा ओरडले तेव्हा आजीनं दार वाजवून विचारलं, "काय वं, उलटी होऊन राहिली का?" तेव्हापासून दुपारी कूलर फुल स्पीडवर लावते, दार बंद करते आणि त्याच्याकडे तोंड करून ओरडते. बाहेर कोणाला काही कळत नाही. एवढं एक मात्र मी डोकं लावून जमवलंय.

तर विचारायचं असं की असा आवाज काढायच्या दोन रीती सांगतात, त्यातल्या फॉल्स कॉर्डनं सुरुवात करावी की फ्रायनं? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. आणि माझ्या जुन्या गाण्याच्या बाई म्हणतात, असं केलंस तर गळा कायमचा जाईल. यात तथ्य किती? ऑनलाइन शिकवण्यांची फी डॉलरमध्ये असते, ती सध्या झेपणारी नाही.

मिक्सरवाला_भाऊ

कूलर बंद कर. बाकी सगळं नंतर.

मी गणपती-दुर्गामंडळांपासून ऑर्केस्ट्रापर्यंत साउंड करतो आणि फावल्या वेळात एका बँडमध्ये ओरडतोही, म्हणून सांगतो. (तू लहान आहेस, अरे-तुरेत बोलतोय, राग मानू नकोस.) आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. वरातीत डीजेजवळ उभं राहून कोणाशी दोन मिनिटं बोल, घसा दुखेल, पण आपण ओरडत होतो हे तुझ्या ध्यानातही येणार नाही. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये हे मांडलं, आजही त्याच्याच नावानं ओळखतात. आता तुझं बघ. कूलरचा घर्रऽऽ आणि ग्रोल, दोन्ही गोंगाटाच्याच जातीचे. तू सा लावला असतास तर तो कूलरमधूनही वेगळा ऐकू आला असता. ग्रोल त्यात बुडतो. कानाला ऐकू येत नाही म्हणून तू जोर वाढवतेस, तरी ऐकू येत नाही, आणखी वाढवतेस. वरून तोंडही त्याच्याचकडे!

नवीन पोरांना पटत नाही, पण चांगला ग्रोल खोलीत फार मोठा नसतो. मोठ्यानं बोलतो तेवढाच, कधी त्याहूनही कमी. रेकॉर्डवर जो डोंगर कोसळल्यासारखा वाटतो तो माइक, प्रीॲम्प आणि कॉम्प्रेसर मिळून उभा करतात. माइकवर ओठ टेकवले की खालची कंपनं आपोआप फुगतात, ते वेगळंच.

आता फॉल्स कॉर्ड. खरे स्वरतंतू खाली असतात, ज्यांनी तू सा लावतेस. त्यांच्या जरा वर दोन जाड घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. गिळताना, खोकताना, गॅसचं सिलेंडर उचलताना त्या मिटतात. फॉल्स कॉर्ड ग्रोलमध्ये थरथरायला हव्यात त्या या घड्या. रशियातल्या तुवात आणि मंगोलियात कारगिरा हे घशातलं जाड गाणं गाणारे पिढ्यानपिढ्या त्याच वापरतात. त्यांच्या गाण्यात वरच्या घड्या खालच्या तंतूंच्या निम्म्या गतीनं हलतात, म्हणून सूर एक सप्तक खाली ऐकू येतो. म्हणजे हे काही अमेरिकेतल्या केसाळ पोरांनी काढलेलं खूळ नाही.

ही जागा सापडायची कशी? आजी जमिनीवरून हात टेकून उठते तेव्हा तिच्या तोंडून "हंऽऽ" निघतं ना, नेमका तो आवाज. तू पण मांडी घालून बस, हात टेक, ऊठ, आणि तो "हंऽऽ" येऊ दे. मग न उठता काढून बघ. आधी नुसता जड उसासा टाक, अर्ध्यावर त्यात घरघर मिसळ. जमलं की "हं"चा "हो" कर, "हो"चा "हा" कर. एका वेळी चार-पाच सेकंद पुरे. थरथर घशाच्या वरच्या भागात, जिभेच्या मुळामागे जाणवली पाहिजे आणि ती भरीव वाटली पाहिजे. टोचलं, खाजलं, खोकला आला की त्या दिवशीचं दुकान बंद. उद्या बघू.

आणि हवा कमी लाव. सगळे छाती भरून घेतात आणि एका दमात रिकामी करतात. तू ओंकार करताना श्वास कसा पुरवून वापरायचीस? बरगड्या फुललेल्या ठेवून पोटाकडून थोडी-थोडी हवा सोडायची, तसंच इथं. ही तुझी शिल्लक आहे, बाकीच्या पोट्ट्यांना हेच शिकायला वर्ष जातं.

फ्राय म्हणजे सकाळी उठल्या-उठल्या फोन घेतला की जो तडतडणारा आवाज निघतो तो. त्यावरून पुढे उंच, पातळ किंचाळी बनते. ती नंतर घे. फ्रायमध्ये चुकत असलं तरी बराच वेळ कळत नाही, तंतूंवर दाब येत राहतो. आणि श्वास आत ओढून करायचा ग्रोल पार सोडून दे. घसा कोरडा होतो आणि मराठी शब्दांचा चेंदामेंदा.

बाईंशी भांडू नकोस. त्यांनी आयुष्यभर ओरडून गळे घालवलेले लोक पाहिले असणार आणि ते खोटं नाही. उलट त्यांच्याकडे परत जा आणि पहाटेचा खर्ज सुरू कर. कारण नको सांगूस.

वाचा_उपचार

मी स्पीच थेरपिस्ट आहे. वरचं बहुतेक पटलं, थोडी भर घालते.

सकाळी वरचा सा फाटतो ही खूण महत्त्वाची आहे. स्वरतंतूंवर जराशी सूज आली की पहिला जातो तो वरच्या पट्टीतला हळू आवाज. मोठ्यानं लावलेला सा सूज झाकून टाकतो, म्हणून तपासायचं ते अगदी बारीक आवाजात. रोज सकाळी मऊ "ऊ"वर, कुजबुजीच्या जरा वर, तार षड्ज लावून बघ. आवाज उशिरा सुरू झाला, नुसती हवा आली, तर त्या दिवशी ग्रोल नाही. आवाज बसला तर कुजबुजत बोलू नकोस, त्यातही अनेकांच्या तंतूंवर ताण येतो. सरळ गप्प बस. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीनं तपासून घे. गाठी निघाल्या तरी घाबरायचं नाही, सहसा आधी आवाजाचे व्यायामच देतात.

गळा कायमचा जातो का? चुकीच्या रीतीनं रोज ओरडलीस तर गाठी, पॉलिप हे सगळं होऊ शकतं. पण ते भाजीवाल्यांना आणि प्राथमिक शाळेच्या बाईंनाही होतं. अमेरिकेत लोर्ना शोर या बँडच्या विल रामोसच्या स्वरयंत्राचं, तो किंचाळत असताना, कॅमेऱ्यानं चित्रण केलेलं आहे. खऱ्या तंतूंच्या वरचा भाग किती काम करतो ते त्यात डोळ्यांनी दिसतं. बाईंना दाखव, कदाचित विरघळतील.

पाणी पिताच घसा ओला होतो हा समज आहे. पाणी अन्ननलिकेतून जातं, तंतूंना शिवत नाही. दिवसभर पीत राहिलीस तरच उपयोग. त्यासाठी कूलर चांगलाच आहे, मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत तो ओलावा देतो, एसी उलट कोरडेपणा वाढवतो. आधी तासभर चालू ठेव, ओरडायच्या वेळी बंद कर. ओरडण्याआधी आणि नंतर पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत "ऊ" म्हण, पट्टी वर-खाली कर. दिसायला येडपट आहे, पण तंतूंवरचा दाब उतरतो.

आणि रात्री सावजी हाणून लगेच आडवी होतेस का? पित्त वर येऊन घसा जळतो आणि सकाळचा दोष ग्रोलवर जातो.

पोट्टा_सक्करदरा

कायले एवढं टेन्शन घेऊन राहिली वं ताई. मारबतीच्या दिवशी आमच्यासंगं ये, "घेऊन जा गे मारबत" म्हणत पुरी मिरवणूक चाल, आपोआप मेटल आवाज होते. माया तं दोन दिवस आवाजच नव्हता, घरचे खुश.

जागेचं म्हणशील तं गाडी. माया मामाची जुनी कार हाय, रिंग रोडवर बाजूले लावून काचा वर करतो आन् बोंबलतो. कोणी इचारलं तं सांगतो गाडी बिघडली, म्हून जीव जळून राहिला.

मिक्सरवाला_भाऊ

@पोट्टा_सक्करदरा, दोन दिवस आवाज नव्हता हीच तर जाहिरात आहे, काय करू नये याची!

पण गाडीचा सल्ला बरोबर. बंद गाडीत स्वतःचा आवाज लगेच कानावर येतो, त्यामुळे जोर लावावासा वाटत नाही. फक्त सकाळी सहाच्या आत उरक. आता दुपारी काचा वर करून बसलीस तर ग्रोलऐवजी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल.

काळीपाच_महाल

थोडे दिवस करून बघितलं, म्हणून लिहिते. गाडी नाही, पण भिंतीला दोन गाद्या उभ्या केल्या आणि वर आजीच्या लुगड्यांची गोधडी टांगली. कूलर बंद. आता इतक्या हळू करते की शेजारच्या काकूंना वाटतं मी फोनवर कोणाशी भांडतेय. आजीचा "हंऽऽ" पकडायला वेळ लागला, कारण मी बघतेय म्हटल्यावर आजी मुद्दाम न कण्हता उठायला लागली. पण सापडला. टोचणं जवळजवळ गेलं आणि सकाळचा "ऊ" साफ लागतो.

आता नवीन लफडं. जॅमला, म्हणजे सगळे मिळून वाजवताना, ड्रमरनं झांज मारली की सगळं मुसळ केरात. दोन मिनिटांत मी पुन्हा जुन्या जोरावर. आणि माइक दोन्ही मुठींत धरला की आवाज जाड वाटतो खरा, पण शिट्टी मारतो. शिवाय पोरं म्हणतात, शब्द कळत नाहीत. "राख", "काळ", "आग" एवढे साधे शब्द आहेत हो!

मिक्सरवाला_भाऊ

झांज म्हणजे पितळेचा कूलर. एका कानात फोमचा बोळा घाल, आपला आवाज आतून ऐकू येतो. मॉनिटर स्पीकर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवतो तो) माइकच्या बरोबर मागे जमिनीवर ठेव, तोंड तुझ्याकडे. आणि ड्रमरला तुझ्यापासून लांब कोपऱ्यात बसव.

मूठ सोड. शुअर एसएम ५८ किंवा त्याच्या जातीचा माइक समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो, ते जाळीच्या मागच्या बाजूनं आत येणाऱ्या हवेच्या जोरावर. तो रस्ता तू मुठीनं बंद केलास की तो चहूबाजूंचं ऐकायला लागतो, मॉनिटरचं पण. मग शिट्टी मारणार नाही तर काय करणार. शिवाय वरची धार जाते आणि शब्द तिथंच मरतात. दांडा धर, जाळी मोकळी ठेव.

शब्दांचं म्हणशील तर ग्रोलमध्ये स्वरांचा फरक पुसट होतो, ऐकणारा अर्थ पकडतो तो व्यंजनांवरून. आपल्या मराठीत शब्दाच्या शेवटचा अ बोललाच जात नाही, त्याचा फायदा घे. "राखऽऽ" म्हणून लांबवू नकोस. "रा"वर ग्रोल धर आणि "ख्" तोंडाच्या पुढं फेकून थांब. ख, घ, भ, ठ यांच्यात हवेचा झटका असतोच, तो फुकटचा तडाखा आहे. "काळ"चा ळ मात्र जिभेला वळवावा लागतो, वेगात गिळला जातो. ती ओळ जरा संथ ठेव, नाहीतर गिटारवाल्याला तिथं एक ठोका गप्प बसायला सांग.

काळीपाच_महाल

गिटारवाला गप्प बसणार नाही, पण सांगून बघते. मॉनिटर आमच्याकडे नाहीच.

मिक्सरवाला_भाऊ

माझ्याकडे एक जुना पडून आहे, हॉर्न थोडा चिरकतो. व्यनि (खासगी निरोप) कर. शनिवारी मी इतवारीत केबल घ्यायला येतोय, महालातून जाताना देऊन जाईन. गणपतीच्या आधी परत पाहिजे, तेव्हा मलाच लागतो.