मंगळावर माणूस पाठवायचा खर्च कधी आवाक्यात येणार?

विज्ञान_मास्तर
नमस्कार मंडळी, मी नववीला विज्ञान शिकवतो. मंगळयानाचा विषय निघाला की पोरं हमखास विचारतात, सर आपलं यान 450 कोटीत गेलं आणि पहिल्याच फटक्यात कक्षेत बसलं, मग माणूस पाठवायला लाखो कोटी का लागतात? रॉकेट स्वस्त झाली की प्रश्न सुटेल असं मी सांगतो पण त्यावर माझंच समाधान होत नाहीये. कुणी नीट समजावून सांगेल का, आणि एकदा जाऊन झेंडा लावून परत असं नको, पुढे चालू राहील अशी मोहीम कशी आखतात तेही सांगा.

लालग्रह
सर, मंगळयान खाली उतरलं नाही आणि परतही आलं नाही, त्यावरची उपकरणं सगळी मिळून 15 किलोच्या आसपास होती. माणूस म्हटलं की उतरायचं, जगायचं आणि परत यायचं. पृथ्वी-मंगळाचं गणित साधारण 26 महिन्यांनी एकदा जुळतं, म्हणजे गेलात की दीडेक वर्ष तिथंच मुक्काम, जाऊन येऊन अडीच-तीन वर्षं, तेवढं अन्न, हवा, सुटे भाग सगळं आलं. शिवाय तिथली हवा आपल्या एक टक्काही दाबाची नाही, त्यामुळे नुसत्या पॅराशूटवर भागत नाही. आत्तापर्यंत उतरवलेलं सगळ्यात जड यान पर्सिव्हरन्स, एक टनाच्या जरासं वर, आणि माणसांसाठी एका खेपेत वीसेक टन उतरवायला लागतील असा हिशोब आहे. हे अजून कुणी केलेलं नाही.

ऑर्बिट_ताई
वरचं सगळं बरोबर, पण खरी मेख परतीच्या इंधनात आहे. 1989 ला थोरल्या बुश यांनी मंगळाची घोषणा केली, नासाने 90 दिवसांत आराखडा दिला, आकडा निघाला 400 ते 500 अब्ज डॉलर, अमेरिकन संसदेने तोंडच फिरवलं. लगेच 1990 मध्ये रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या इंजिनिअरांनी मार्स डायरेक्ट नावाचा स्वस्तातला आराखडा मांडला. परतीचं यान आधी रिकामं पाठवायचं, सोबत फक्त सहा टन हायड्रोजन, मंगळाच्या हवेत 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहेच, तो आणि हायड्रोजन वापरून मिथेन आणि ऑक्सिजन मिळून शंभरावर टन इंधन तिथंच बनवायचं, आणि टाकी भरल्याची खात्री झाली की मगच माणसं निघणार. मला ही कल्पना आजही फार आवडते.

आणि हे नुसतं कागदावर नाहीये बरं का. पर्सिव्हरन्सवर मॉक्सी नावाचं कारच्या बॅटरीएवढं उपकरण होतं, त्याने एप्रिल 2021 मध्ये मंगळाच्या हवेतून पहिल्यांदा पाच ग्रॅम ऑक्सिजन काढला, 2023 पर्यंत 16 वेळा चालवून एकूण 122 ग्रॅम, सगळ्यात जोरात असताना तासाला 12 ग्रॅम. आता पोरांना फळ्यावर गणित घाला: चार जणांना मंगळावरून वर उडायला, रॉकेटचं इंधन जाळण्यासाठी, साधारण 25 टन ऑक्सिजन लागतो, तो 14 महिन्यांत बनवायचा तर तासाला अडीच किलो, म्हणजे मॉक्सीच्या दोनशे पट. त्याला वीज 25-30 किलोवॅट, तीही धुळीच्या वादळात ऊन अडलं तरी सुद्धा, म्हणून अणुऊर्जेचा विषय निघतो.

जुना_वाचक
तंत्र जमेल हो, मला काळजी सातत्याची वाटते. अपोलो चंद्रमोहिमांच्या वेळी 1966 ला नासाला अमेरिकेच्या बजेटचा चार टक्क्यांहून जास्त वाटा मिळत होता, आज अर्धा टक्काही नाही. अपोलो 18, 19, 20 रद्द झाली, त्यांच्या सॅटर्न 5 रॉकेटचं उत्पादन थांबलं, 1972 मध्ये अपोलो 17 नंतर चंद्रावर उतरणं बंदच पडलं. एवढी कारखानदारी, एवढी हुशार माणसं, सगळं विखुरलं. त्यामुळे एकूण किती अब्ज यापेक्षा दरवर्षी किती लागणार हा प्रश्न मला मोठा वाटतो, कारण अध्यक्ष बदलतात, बजेट दरवर्षी नव्याने मंजूर होतं. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या काही इंजिनिअरांनी 2015 ला असाच प्लॅन मांडलेला, स्पेस स्टेशनचे पैसे मोकळे झाले की त्यातच बसवायचा, 2033 ला आधी फोबॉस म्हणजे मंगळाचा चंद्र, उतरणं 2039 ला. तारखा मागे पडतीलच, पण पद्धत बरोबर आहे, मधला प्रत्येक टप्पा स्वतःच्या जिवावर उपयोगी पाहिजे. नाहीतर नासाच्या एसएलएस या अजस्र रॉकेटसारखं होतं, नासाच्याच महानिरीक्षकांनी 2022 ला सांगितलं की सुरुवातीच्या उड्डाणांना ओरायन कॅप्सूल धरून प्रत्येकी 4.1 अब्ज डॉलर, आणि रॉकेट दर वेळी समुद्रात. आणि मंगळावरून नुसते मातीचे नमुने आणायच्या मोहिमेचा आकडा 2023 मध्ये 8 ते 11 अब्जांवर गेला, तेव्हा माणसांचं काय ते तुम्हीच बघा.

विज्ञान_मास्तर
मंडळी खूप आभार, ते तासाला अडीच किलोचं गणित उद्याच घेतो. एकच शंका, हायड्रोजन इथून नेण्यापेक्षा तिथलं पाणी वापरता येणार नाही का?

ऑर्बिट_ताई
येईल की सर, आता विचार त्याच दिशेने चाललाय. 2008 मध्ये फिनिक्स यानाने उत्तर भागात माती थोडी खरवडली तर खाली बर्फच निघालं. पण त्याच मातीत परक्लोरेट नावाचे क्षारही सापडले, ते थायरॉइडला घातक, म्हणजे पाणी शुद्ध करायची सोय आली. शिवाय बर्फ वर असतं ते ध्रुवांकडे, तिथं ऊन कमी, आणि विषुववृत्ताजवळ ऊन आहे तर बर्फ खोल, म्हणून मधल्या अक्षांशांवर उथळ बर्फ कुठे मिळेल ते आधी यानांकडून शोधून घ्यावं लागेल.