आठवणीतली फजितीच मोलाची

दिग्दर्शकांनी लिहिलेल्या आठवणी म्हणजे स्वतःच स्वतःची आरती, असं काहीजण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. चांगल्या दिग्दर्शकाच्या लिखाणात मिरवण्यापेक्षा अडचणी जास्त सापडतात, आणि मला त्याच मोलाच्या वाटतात.

बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांचंच घ्या. त्यांच्या 'पथेर पांचाली' चित्रपटात अपू आणि दुर्गा ही भावंडं आगगाडी बघायला धावतात, ते काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांचं रान. १९५२ साली तिथे एक दिवस चित्रण झालं. आठवड्याने मंडळी परत गेली तर तुरे गायब! गुरांनी सगळे चरून टाकले होते. मग पुढच्या हंगामापर्यंत थांबणं आलं. त्यात पैसे संपले, काम महिनोन्‌महिने बंद. नंतर राय यांनी म्हटलंय की तीन चमत्कारांनी चित्रपट तरला: अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि म्हाताऱ्या आत्याचं, इंदिर ठाकरूनचं, काम करणाऱ्या चुनीबाला देवी जगल्या. ऐंशीच्या घरातली बाई! हे वाचताना माझ्या पोटात अक्षरशः गोळा येतो.

रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्की यांच्या 'द सॅक्रिफाइस' या शेवटच्या चित्रपटात घर जळतानाचा एकच लांबलचक शॉट आहे. पहिल्या खेपेला कॅमेरा मध्येच अडकला आणि घराची राख झाली. घर पुन्हा उभारलं, पुन्हा पेटवलं, या वेळी दोन कॅमेरे लावून.

संकलनाच्या टेबलावरच्या अशा आठवणी कुणी वाचल्या असतील तर जरूर लिहा. त्या बाजूचं मला फार कमी वाचायला मिळालंय.