फ्लूची लस: छत्री की देठ?

शेवंती:
आईला काल फ्लूची लस टोचून आणली. सलग तिसरं वर्ष. तिचा सवाल रास्त आहे: "ही मेली दर पावसाळ्याला का?" कारण आपल्या लशी शरीराला विषाणूवरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाची छत्री, म्हणजे त्याचा वरचा भाग, ओळखायला शिकवतात आणि छत्री सतत बदलते. खालचा देठ फारसा बदलत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेत पालेसे आणि क्रामर या संशोधकांनी दर डोसला वेगळी, अनोळखी छत्री पण देठ तोच, अशी लस करून पाहिली. पैसा ओतायचा तर इथे ओता. नाहीतर डब्ल्यूएचओने फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात विषाणूचे वाण ठरवायचे, मग अंड्यांत ते वाढवून लस करायला सहा महिने, तोवर विषाणू पसार. २०१४-१५मध्ये अमेरिकेत लशीची परिणामकारकता १९ टक्क्यांवर आली होती!

बोकेमामा:
देठ कागदावर छान. पण छत्रीवरची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) विषाणूला पेशीच्या दाराशीच अडवतात, देठावरची तेवढी जोरकस नसतात. त्यापेक्षा अंडी सोडा, एमआरएनए धरा, म्हणजे प्रथिन बनवायची कृतीच पेशींना देणारी लस. वाण उशिरा ठरवला तरी भागतं. २०२५मध्ये मॉडर्नाची लस पन्नाशीपुढच्यांत नेहमीच्या लशीपेक्षा २६.६ टक्के सरस ठरली. ही हातातली गोष्ट आहे.

शेवंती:
हातातली? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने एमआरएनएचे २२ प्रकल्प गुंडाळले. आणि छत्रीच धरायची तर दर वर्षीचा फेरा कुठे चुकला?

बोकेमामा:
सरकारने गुंडाळलं म्हणून तंत्र खोटं होतं होय! मे महिन्यात त्यांनीच ५० कोटी डॉलर जाहीर केले ते अख्खा विषाणू मारून केलेल्या लशींसाठी. आजोबांच्या काळची युक्ती.

सिस्टरताई:
२००९च्या ऑगस्टमध्ये, स्वाइन फ्लूच्या साथीत, मी पुण्यात होते. नायडू रुग्णालयाबाहेर रांग, रुमालात कापूर-वेलदोडा बांधून नाकाशी धरलेली माणसं. देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला, इथलाच. सीरमची नाकात फवारायची लस आली २०१०च्या जुलैत. मोजा महिने! साथ उसळली की मामांचं खरं. पण एरवीचं काय? दर वर्षीची फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरणात नाही, खासगीत दीड हजाराच्या आसपास. मधुमेही आजोबा "यंदा राहू दे" म्हणत परत फिरतात. देठाची लस दहा वर्षांतून एकदाच घ्या म्हटलं तर तेच आजोबा कनवटीचे पैसे काढतील. मी शेवंतीकडून.

बोकेमामा:
दहा वर्षं टिकते हे कळायला दहा वर्षं थांबावं लागेल, ताई. तोवर आजोबांना यंदाचीच टोचा.