चर्चा: मस्टँग वेगवान करायची, तर आधी सुपरचार्जर की आधी टायर?

धागाकर्ता: पाव_मैल
२०१८ ते २०२१ मधली फोर्ड मस्टँग जीटी ५.० लिटरच्या व्ही-८ इंजिनातून ४६० अश्वशक्ती देते आणि अमेरिकेत बरेच हौशी लोक पहिल्याच खर्चात तिच्यावर सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवून ही शक्ती ७०० च्या आसपास नेतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटने ७०७ अश्वशक्तीवर, कारखान्यातल्याच टायरवर, उभ्या सुरुवातीच्या ड्रॅग शर्यतीचा पाव मैल ११.२ सेकंदांत पार केला आणि केवळ ड्रॅग रेडियल, म्हणजे अशा शर्यतीसाठीचे मऊ, चिकट टायर चढवल्यावर तीच गाडी १०.८ वर आली. इंजिनाला कोणी हातही लावला नव्हता. पुढे याच चॅलेंजरची डीमन ही आवृत्ती ९.६५ पर्यंत पोहोचली, त्यात वाढीव शक्तीइतकाच वाटा सुटताना वजन मागच्या चाकांवर टाकणाऱ्या मऊ स्प्रिंगांचा, चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या जाड हाफ-शाफ्टचा आणि एसीचा गारवा इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) वळवणाऱ्या यंत्रणेचा होता.

बूस्ट_प्रेमी
आपला दाखलाच आपल्या विरोधात जातो. हेलकॅटला टायरचा फायदा झाला, कारण चाके जागीच फिरवण्याइतकी शक्ती तिच्याकडे आधीपासून होती. ४६० अश्वशक्तीच्या गाडीला चिकट टायर लावून सुरुवात सुधारेल, पण पाव मैलाच्या शेवटी नोंदला जाणारा वेग जवळपास तोच राहील, कारण तो शक्ती आणि वजन यांवर ठरतो. डॉन येन्को यांनी १९६७ साली पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या डीलरशिपमध्ये शेव्हरोले कमॅरोत ४२७ घन इंचांचे इंजिन बसवले, तेव्हा त्यांनीही सुरुवात इंजिनापासूनच केली होती.

तेलदाब
दोघेही एक गोष्ट सोडून बोलत आहात. या मस्टँगच्या कोयोट इंजिनातील तेलपंपाचे गिअर धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात आणि सुपरचार्जर लावून इंजिन वारंवार कमाल फेऱ्यांपर्यंत नेले, तर ते तुटू शकतात. तेलाचा दाब गेला की बेअरिंग वाचत नाहीत. शिवाय सुपरचार्जरच्या पट्ट्यावर लहान पुली (चाक) लावून सुपरचार्जर जोरात फिरवला की हवा जास्त दाबली जाते तशी ती तापतेही, नॉकिंगची (इंधन अवेळी पेट घेण्याची) चाहूल लागताच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीची वेळ मागे घेतो आणि लागोपाठच्या धावांमध्ये डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) दिसलेली शक्ती ट्रॅकवर सापडत नाही. त्यावर उपाय म्हणून ई-८५ (मुख्यतः इथेनॉल असलेले इंधन) वापरावे, तर इंधन सुमारे ३० टक्के जास्त लागते, म्हणजे इंजेक्टर आणि इंधनपंपही बदलणे आले. ज्यांच्याकडे घडीव पोलादाचे तेलपंप-गिअर बसवण्याइतकेही पैसे उरत नाहीत, त्यांनी सुपरचार्जर घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

बूस्ट_प्रेमी
तेलपंपाचा मुद्दा मान्य आहे, तो खर्च सुपरचार्जरच्या किमतीतच धरायला हवा. टायरच्या क्रमाबद्दल मात्र मी सहमत नाही. चालत्या गाडीतून, ताशी १०० किलोमीटरच्या पुढे शर्यत सुरू झाली, तर साधे टायरही पकड धरतात आणि तिथे निकाल इंजिनच लावते.

पाव_मैल
चालत्या सुरुवातीबद्दल आपले म्हणणे रास्त आहे, परंतु माझा प्रश्न उभ्या सुरुवातीच्या पाव मैलाचा आहे. तिथे ७०० अश्वशक्तीची मस्टँग साध्या टायरवर पहिल्या साठ फुटांत जो वेळ गमावते, तो उरलेल्या अंतरात पूर्ण भरून निघत नाही. म्हणून निदान सुपरचार्जरच्या आधी, किंवा फार तर त्याच्यासोबत, ड्रॅग रेडियल घ्यावेत, यावर मी ठाम आहे.